व्यंकटीच्या मोटारीतली शेगडी

मोटारीत शेगडी आहे हे ऐकून जिंतूरचा बाजार आधी हसला, आणि ती खरीच आहे हे बघून त्यानं तोंडात बोटं घातली. आता तुम्हीच सांगा, ज्या मुलखात वैशाखात अनवाणी पाय टेकवत नाही, तिथं मोटारीला शेगडी कशाला हवी? पण होती. हैदराबादेकडच्या कुण्या जागीरदारानं हौसेनं विलायतेहून मागवलेली ती काळी मोटार. जागिरी गेल्या, पाठोपाठ मोटारी विकायला निघाल्या, आणि जिंतूरचे डॉक्टर दिनकरराव यांनी ही एक उचलली. पुढच्या बैठकीत, डायवरच्या डाव्या हाताला, पायाशी एक लोखंडी पेटी होती. पेटीला जाळी, जाळीमागं चिमुकला पंखा. "हे काय हो डॉक्टरसाहेब?" असं कुणी विचारलं की दिनकरराव म्हणायचे, "शेगडी." आणि विचारणारा वाकून वाकून कोळसे कुठून घालायचे ते शोधायला लागायचा!

कोळसे नव्हतेच. तिचं सगळं पाण्यावर चालायचं, आणि ते व्यंकटी डायवर फार झोकात सांगायचा. इंजिन तापतं, म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळवतात. ते तापलेलं पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, येऊन निवतं. त्यातलंच थोडं कढत पाणी दोन रबरी नळ्यांनी शेगडीत जायचं, एकीनं आत आणि दुसरीनं बाहेर. पेटीच्या आत गव्हाच्या काडीएवढ्या बारीक नळ्यांची जाळी. पंखा तिच्यावरनं वारा मारायचा आणि ऊन वारं पायावर यायचं. बॉनेट उघडलं की इंजिनाला चिकटून एक पितळी चावी दिसायची. ती नळीच्या सरळीत केली की शेगडी चालू, आडवी केली की बंद. "बस, येवढंच. जादू न्हाई काई न्हाई," व्यंकटी म्हणायचा, आणि ऐकणाऱ्याला ती जादूच वाटायची.

हा व्यंकटी मूळचा शेतकऱ्याच्या घरचा. जिंतुरापासून कोसभरावर चार एकर मुरमाड रान, एक बैलजोडी, बायको कस्तुराबाई आणि म्हातारी आई धुरपदाबाई. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढच्या सालात ह्या बाबानं घरात कुणाला न विचारता बैल विकले आणि सेलूला कापसाच्या जिनिंगात यंत्रांना तेल घालायच्या कामावर गेला. का, तर म्हणे यंत्राचा आवाज कानाला गोड लागतो! बैलाच्या घुंगरांनी ज्याचं पोट भरलं त्याला यंत्राचा आवाज गोड! धुरपदाबाई दोन दिवस जेवली नाही. पण व्यंकटी एकदा मनाशी ठरवल्यावर ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकणारा नव्हता.

सेलूच्या जिनिंगात राधाकिशन नावाचा फिटर होता, बॉयलर सांभाळणारा. त्यानं व्यंकटीला एक गोष्ट शिकवली, आणि ती व्यंकटीनं जन्मभर देवाच्या शपथेसारखी पाळली. आपल्या विहिरींचं पाणी जड. ज्या भांड्यात ते रोज तापतं त्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, हे घरच्या बाईला ठाऊक असतं. मग यंत्राच्या पोटात तो धरणार नाही का? धरतो, आणि दगडासारखा धरतो. आधी बारीक नळ्या बुजतात, मग मोठ्या. म्हणून यंत्राला पाणी पाजायचं ते पावसाचं, तेही गाळून. वर्षातून दोनदा सगळं पाणी सोडून द्यायचं. चिंचेचं पाणी भरून इंजिन घटकाभर चालवायचं, मग स्वच्छ पाण्यानं खळखळून धुवायचं, आणि तेही उलट्या वाटेनं, म्हणजे पाणी जिकडून बाहेर पडतं तिकडून आत. समोरून ढकललेला गाळ आणखी घट्ट बसतो, मागून ढकलला की सुटतो.

पुढं मोटार चालवायला शिकून दिनकररावांकडे डायवर म्हणून लागल्यावर व्यंकटीनं हे सगळं असं काही चालवलं की बघणारा चाट पडावा. पावसाळ्यात पत्र्याखाली रांजण लावून तो मोटारीसाठी पाणी धरायचा. घरात बायकोनं त्यातला तांब्याभर डाळ शिजायला घेतला तर हा माणूस अंगणात उभा राहून ओरडायचा, "मोटारीचं पानी हाय ते!" अहो, माणसं खारं पितात आणि मोटार गोडं पिते! कस्तुराबाई कपाळाला हात लावायची. रेडिएटरच्या झाकणाला तर डॉक्टरांनीसुद्धा हात लावायचा नाही, असा त्याचा हुकूम. दिनकरराव हसून म्हणायचे, "व्यंकटी, मोटार माझी आहे ना रे?" हा मान खाली घालून म्हणायचा, "मोटार तुमची सायब. पानी माझं."

कामाला असा चोख, आणि तोंडाला मात्र फाटका. चिडला की जिभेला हाड नाही. बोलून झाल्यावर घटकाभरानं विसरायचा. ऐकणारा विसरत नसतो, हे त्याला कधी कळलंच नाही.

डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत तो राहायला आला तेव्हा धुरपदाबाईनं अंगणातली मोटार बघितली आणि विचारलं, "बैल इकले बाबा त्वा. आता पोळ्याला म्या कुणाला ववाळू?"

व्यंकटी घाईत होता. तो म्हणाला, "माय, आता ही मोटारच आपला बैल. हिच्याच जिवावर आपुन खायलोय. हिला ववाळ."

म्हातारीचं तोंड बंद करायला टाकलेला शब्द. तो टाकून हा गेला निघून. धुरपदाबाईनं मात्र तो पदराला गाठ मारून ठेवला. दर पोळ्याला ती मोटारीला हळदकुंकू लावायची, चाकांवर पाणी घालायची, पुरणपोळीचा घास बॉनेटवर ठेवायची. सगळं आवार हसायचं. व्यंकटीही हसायचा आणि घास स्वतः खायचा.

आता हैदराबाद राज्य मोडून आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्याची गोष्ट. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते आणि थंडी अशी पडली होती की म्हातारी माणसं म्हणत होती, असं हिव आम्ही जन्मात बघितलं नाही. कस्तुराबाईला सातवा सरत आला होता. ह्याच्या आधी तिची चार लेकरं गेलेली, एकही पाचवीच्या पुढं गेलं नव्हतं. आणि त्या पहाटे तिला अवेळी कळा आल्या. दिनकरराव स्वतः आले म्हणून बाई वाचली. पोरगी झाली. पण केवढी, तर व्यंकटीच्या दोन ओंजळींत मावावी एवढी! रडली ती मांजराच्या पिलासारखी. व्यंकटीनं तिच्याकडं बघितलं आणि भिंत धरून खालीच बसला.

दिनकररावांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "ऐक. परभणीला बायकांच्या दवाखान्यात ऊबदार खोली आहे, शिकलेल्या नर्सबाई आहेत. तिथं पोचली तर ही पोर जगेल. पण वाटेत गार पडली तर संपलं. दूध नंतर, औषध नंतर, आधी ऊब. कळलं? माझ्या मोटारीत शेगडी आहे म्हणून पाठवतोय, नाहीतर मी हिला घराबाहेर काढलं नसतं." ते स्वतः येऊ शकत नव्हते. दवाखान्यात दुसरी एक बाई अडलेली होती.

उजाडता उजाडता मोटार निघाली. मागं कस्तुराबाई आडवी, शुद्धीत अर्धी आणि ग्लानीत अर्धी. पुढं डाव्या हाताला, शेगडीसमोर, धुरपदाबाई मांडीवर वाकळेचं गाठोडं घेऊन. जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसलेली म्हातारी, पण मोटारीकडं तिचं लक्षच नव्हतं. व्यंकटीनं बॉनेटखालची चावी सरळ केली. पावसाळा सरल्यापासून ती बंदच होती. पावसात काचेवर धुकं धरतं म्हणून डॉक्टर शेगडी लावायचे, त्यानंतर आज. दोन मैल गेल्यावर इंजिन तापलं आणि त्यानं पंख्याचं बटण दाबलं.

वारं आलं, आणि ते गार होतं.

"अजून तापली नसंल," व्यंकटी म्हणाला. आणखी दोन मैल गेले. काटा तापल्याचं सांगत होता आणि शेगडीतून मात्र उघड्या रानातल्यासारखं वारं सुटलं होतं. धुरपदाबाईनं गाठोडं पोटाशी ओढलं. "गार यायलंय रे बाबा," ती म्हणाली. व्यंकटीनं पंखा बंद केला, पुन्हा लावला, जाळीवर थापट्या मारल्या. गारच.  सगळा भरवसा ह्या एका पेटीवर, आणि पेटी गार! वाटेतल्या बोरी गावाच्या अलीकडं लिंबाखाली त्यानं मोटार थांबवली, बॉनेट उघडलं आणि दोन्ही रबरी नळ्यांना हात लावला.

पहिली नळी हात ठेवू देईना एवढी कढत. दुसरी थंडगार.

 ह्याचा अर्थ न कळायला तो काही नवशिका नव्हता. कढत पाणी शेगडीच्या तोंडापर्यंत येत होतं आणि आत शिरतच नव्हतं. शेगडी तुंबली होती. कुणाची? व्यंकटीची! पावसाचं पाणी गाळून पाजणाऱ्या, बायकोला तांब्याभर पाण्यासाठी रडवणाऱ्या व्यंकटीची! रस्त्यावर उभा राहून तो मोठ्यानं म्हणाला, "असं हुईलच कसं? कसं हुईल असं?" उत्तर द्यायला तिथं कोण होतं? लिंबावरचे कावळे तेवढे उडाले.

मग त्याचे हात चालायला लागले. त्यानं पितळी चावी आडवी केली, म्हणजे इंजिनाचं कढत पाणी अंगावर येणार नाही. दोन्ही नळ्या उपसून काढल्या. तरी राहिलेलं पाणी उसळलंच, दोन्ही तळहात भाजले. त्यानं 'आई गं'सुद्धा म्हटलं नाही. चाकात हवा भरायचा पंप काढला, पंपाची नळी फडकं गुंडाळून शेगडीच्या बाहेर पडायच्या तोंडात बसवली आणि मागून हवा मारायला लागला. बेताबेतानं, कारण जोर जास्त झाला तर आतली काडीएवढी नळी फाटते, आणि मग सगळाच कारभार आटोपतो. एकदा, दोनदा, दहादा. पंपाचा दांडा मागं ढकलत होता. आत काहीतरी घट्ट बसलं होतं. विसाव्या दमाला 'फस्स' असा आवाज झाला आणि समोरच्या तोंडातून एक गोळा रस्त्यावर पडला.

पिवळा गोळा! दगडाचा पांढरा थर नाही, तांबडा गंज नाही. पिवळाधमक, चिकट, फाटलेल्या दुधासारखा. आणि वास असा की पोटातली आतडी वर यावीत. व्यंकटीनं तो बोटांत धरून चोळला. कुसकरलेलं उकडलेलं अंडं. वर तेलाचा तवंग. बोटं पिवळी झाली, आणि त्यानं धोतराला पुसली तर धोतर पिवळं झालं. हळद!

मोटारीच्या पोटात हळद आणि अंडं? माणूस वेडा व्हायचा राहिला होता. हा काय करणीचा प्रकार? डॉक्टरांचं कुणाशी वैर? त्यानं मान वर केली. समोरच्या काचेतून धुरपदाबाई त्याच्या पिवळ्या बोटांकडं बघत होती. तिचा चेहरा पार उतरला होता.

व्यंकटी तिच्या दाराशी गेला. "माय," तो हळूच म्हणाला, "हे काय हाय?"

"आरं, ते आजून आत हाय का?" म्हातारी म्हणाली.

"काय आत हाय?"

"पोळ्याला पाजलं व्हतं."

"कुणाला?"

"हिलाच की. मोटारीला." धुरपदाबाई एक एक शब्द तोलून बोलत होती. "त्वाच आला व्हतास घरी म्हनत, की मोटार चढाला धापा टाकायलीय. थकलेल्या बैलाला आपुन पोळ्याला काय देतो? दोन अंडी, मूठभर हळद, जवसाचं तेल. तू दुपारी निजला व्हतास. म्या झाकन काढलं आन् बांबूच्या नळीनं पाजलं. तिथूनच तू पानी पाजतूस न्हवं तिला?"

ऐकताय ना? अंडी, हळद आणि तेल! विलायती मोटारीला! नळकांडं लावून! बैल डोकं झाडतो, तोंडातून सांडतो तरी. मोटार बिचारी मुकाट प्यायली. आणि व्यंकटीला सगळं आठवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोटार उकळ्या फोडत होती. त्यानं तीनदा चिंचेच्या पाण्यानं रेडिएटर धुतला होता. पिवळं पाणी निघालं होतं आणि ह्या शहाण्यानं त्याला गंज म्हटलं होतं. पावसात डॉक्टरांनी शेगडी लावली तेव्हा ते तिच्यातही शिरलं असणार, आणि धुताना मात्र तिन्ही वेळा शेगडीची चावी आडवी होती. मोठ्या जाळीचं पोट लखलखीत झालं आणि शेगडीच्या धाकट्या जाळीत पाजलेलं तसंच सुकत बसलं. पुढं ज्या ज्या माणसाला त्यानं गाडी शिकवली, त्याला तो पहिला धडा हाच द्यायचा, की धुवायला घेतलं की आधी शेगडीची चावी उघड. का, ते मात्र कुणाला सांगायचा नाही.

पण हे पुढचं. त्या क्षणी त्याला आपली चूक दिसली नाही. त्याला दिसलं ते वाकळेचं गाठोडं, त्यातला मूठभर जीव, आणि ते गाठोडं धरून बसलेली ही बाई. त्याचं डोकंच फिरलं.

"कैदाशीण हायेस तू कैदाशीण!" तो असा किंचाळला की मागं कस्तुराबाई दचकून जागी झाली. "चार लेकरं मातीत गेली माझी. ही पाचवी तू मारायलीस! तुझ्या हातानं! कुणी सांगितलं व्हतं तुला झाकनाला हात लावायला? कुणी?"

"त्वाच म्हनला व्हतास बाबा, की मोटार आपला बैल..."

"गप! आजपासून तू माझी कुणी न्हाईस. आयकलंस? कुणी न्हाईस! आन् परभनी येवस्तोर तोंड उघडलंस तर हितंच रस्त्यावर उतरवून जाईन!"

आपल्या आईला! सत्तरीच्या बाईला! मागून कस्तुराबाई क्षीण आवाजात "आवो, आसं न्हाई..." म्हणाली, पण ते ऐकायला व्यंकटी जागेवर नव्हता. धुरपदाबाईनं ओठ मिटले.  तिनं फक्त गाठोड्याचं तोंड जरा आवळून घेतलं.

डिक्कीतल्या पत्र्याच्या डब्यात पावसाचं पाणी होतं. व्यंकटीनं ते मागल्या तोंडातून शेगडीत ओतलं. पिवळं निघालं. पुन्हा हवा मारली, पुन्हा ओतलं. फिकं निघालं. चौथ्यांदा ओतलं तेव्हा धार नितळ पडली आणि अडखळत नव्हती. भाजलेल्या हातांनी त्यानं नळ्या चढवल्या, तारेनं आवळल्या, रेडिएटर भरला, बॉनेट आदळलं. अर्धा तास मोडला होता. तो गाडीत बसला, इंजिन चालू केलं, पंख्याचं बटण दाबलं आणि गाडी अशी दामटली की खड्डा बघितला नाही की गोटा.

पंखा घूं घूं करत होता. तो आवाज ऐकून व्यंकटीला धीर येत होता. आता येईल ऊब. आता पोरगी तरते. डावीकडं त्यानं एकदाही मान वळवली नाही. बघायचंच नव्हतं त्याला ते तोंड. डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढं कळलं की म्हातारी त्याच्याकडं पाठ करून, दाराकडं तोंड करून आवळून बसली आहे. काहीतरी सोडते आहे, बांधते आहे, लुगड्याचा पदर ओढते आहे. रुसलीय, त्याच्या मनात आलं. रुसू दे. परभणी येईपर्यंत ती बोलली नाही, आणि ह्याला वाटलं, बरं झालं, शब्द लागला.

परभणीला दवाखान्याच्या दारात मोटार उभी राहिली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, पण झोंबरं वारं थांबलं नव्हतं. व्यंकटीच्या हाकेसरशी नर्स पार्वतीबाई बाहेर आल्या. "सातव्याचं लेकरू हाय बाई. पुढं बसलेल्या म्हातारीपाशी हाय. शेगडीपाशी ऊन ठिवलंय," तो म्हणाला. त्या मोटारीच्या डाव्या दाराकडं धावल्या. आणि ह्याची सवय बघा, जीव टांगणीला लागलेला, तरी मोटार उभी केली की शेगडीची चावी बंद करायची हा त्याचा नेम. त्यानं बॉनेट उघडलं आणि चावीकडं हात नेला.

चावी आडवी होती.

 बोरीला आपण ती बंद केली. कढत पाणी अंगावर येऊ नये म्हणून बंद केली. धुतलं, पुसलं, नळ्या चढवल्या, शिव्या दिल्या, आणि ती उघडलीच नाही. बोरीपासून परभणीपर्यंत, पंधरा-सोळा मैल, कडाक्याच्या थंडीत, तो पंखा लेकराच्या अंगावर गार वारं ओतत होता! आणि तो आपण स्वतः लावला होता.   म्हातारीनं पाजलं ते निघून गेलं होतं, शेगडी लख्ख होती. मारलं होतं ते आपण.

"अगं बाई!" पार्वतीबाईंचा आवाज आला. "अहो, इकडं या, इकडं या लवकर!"

तो कसा त्या दारापर्यंत गेला ते त्याचं त्याला कळलं नाही. धुरपदाबाई शेगडीकडं पाठ करून गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. चोळीची गाठ सोडलेली, आणि पोरगी तिच्या उघड्या छातीला चिकटलेली, कातडीला कातडी. वाकळ, लुगड्याचा पदर, होतं नव्हतं ते सगळं लेकराभोवती गुंडाळलेलं. तिची स्वतःची पाठ उघडी, आणि त्या उघड्या पाठीवर शेगडीचा पंखा अजून गार वारं मारत होता. तेवढं वारं तिनं सोळा मैल पाठीवर घेतलं होतं.

पार्वतीबाईंनी तिच्या दंडाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "आजीबाई, अहो तुम्ही तर गारठून दगड झालात!" मग त्यांनी बोटं आत घालून लेकराच्या पाठीला लावली. थांबल्या. पुन्हा लावली. "आणि ही ऊन आहे," त्या चकित होऊन म्हणाल्या. "चांगली ऊन आहे. चोखतेय बघा अंगठा."

त्या पोरीला घ्यायला गेल्या तर म्हातारीचे हात सुटेनात. बोटं आखडून गेली होती. पार्वतीबाईंनी एक एक बोट हळूहळू सोडवलं. "आजीबाई, शेगडी गार होती तर सांगायचं नाही का? गाडी थांबवायची. इतका वेळ गप्प कशा बसलात?"

धुरपदाबाईनं लेकाकडं बघितलं. दातावर दात वाजत होते. "परभनी आली का?" तिनं विचारलं.

"आली ना," पार्वतीबाई म्हणाल्या.

"मंग बोलते. वारं गारच यायलं व्हतं बाबा, बोरीपून. तू बोलू नको म्हनलास."

 पार्वतीबाईंनी लेकरू पोटाशी घेतलं, मागं कस्तुराबाईसाठी स्ट्रेचर आणायला हाक मारली, आणि जाता जाता दवाखान्याच्या रीतीप्रमाणं विचारलं, "आजीबाई, सोबत कोण म्हणून लिहायचं? तुम्ही लेकराच्या कोण?"

म्हातारीनं चोळीची गाठ बांधायचा प्रयत्न केला. बोटं ऐकेनात. मग पदर घट्ट ओढून, खाली बघत ती म्हणाली, "म्या कुणी न्हाई बाई. मोटारीत जागा व्हती, म्हनून बसले."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. रुसून म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिनं ते खरं समजून म्हटलं, लेकानं सांगितलं तसं. व्यंकटी तिच्यासमोर रस्त्यावरच गुडघ्यावर बसला. भाजलेल्या हातांनी त्यानं तिची गारठलेली पावलं धरली आणि भर दवाखान्याच्या दारात, दहा माणसांसमोर, लहान पोरासारखा हंबरडा फोडला.

"लिवा बाई," तो म्हणाला. "आजी हाय लेकराची. माय हाय माझी. तसं लिवा."